चार्लीचा संच मागवला आणि बघत बसले एरिक कॅम्पबेलला

आधीच सांगून टाकते, माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते पुढे येईल.

तर वस्तू अशी आहे. चार्ली चॅप्लिनने १९१६ आणि १९१७ मध्ये म्युच्युअल कंपनीसाठी बारा छोट्या फिल्म्स केल्या, प्रत्येकी दोन रिळांच्या, म्हणजे वीस-पंचवीस मिनिटांच्या, त्या सगळ्या नीट साफ करून एका स्टीलच्या डब्यात घातल्यात. ब्लू-रे पण आहेत, डीव्हीडी पण आहेत, सोबत एक पुस्तिका आणि दोन डॉक्युमेंटरी. २०१४ ला निघालेला संच आहे हा, मला आत्ता मिळाला कारण न्यू जर्सीचा मावसभाऊ येणार होता आणि त्याला चॉकलेटं नकोत हे आण म्हणून सांगितलं. (आधी एकदा कुरिअरने मागवायचा उद्योग केला होता, डबा असा चेपून आला की झाकण उघडायला स्क्रू-ड्रायव्हर लागला, आत एका चकतीचे दोन तुकडे. परत पाठवला. नाजूक वस्तू माणसाच्या हाताने मागवा एवढंच सांगते.)

सगळे लोक हा संच चार्लीसाठी घेतात, घ्यावाच, पण मी सांगते दुसऱ्या वेळी बघाल तेव्हा चार्लीकडे बघूच नका. त्याच्या मागे जो पहाडाएवढा माणूस उभा असतो ना, भुवया तिरक्या वर गेलेल्या, हातभर दाढी, डोळे वटारलेले, त्याच्याकडे बघा. त्याचं नाव एरिक कॅम्पबेल. बारापैकी अकरा फिल्म्समध्ये तो आहे, आणि ह्या माणसाची सिनेमातली सगळी कारकीर्द साधारण एवढीच आहे. मे १९१६ ला 'द फ्लोअरवॉकर' आली आणि ऑक्टोबर १९१७ ला 'द ॲडव्हेंचरर', मध्ये दीड वर्ष, आणि त्यानंतर दोन महिन्यांत माणूस गेला. म्हणजे एका नटाचं जवळजवळ अख्खं पडद्यावरचं आयुष्य, एका डब्यात, क्रमाने, उत्तम प्रिंटमध्ये. असं किती जणांच्या बाबतीत मिळतं? आपल्याकडच्या मूकपटांतले साइड ॲक्टर तर सोडाच, हिरो-हिरॉइनींच्या फिल्म्ससुद्धा बहुतेक जळून, सडून गेल्यात.

थोडं त्याच्याबद्दल, म्हणजे पुढचं कळेल. जन्म १८८० चा, इंग्लंडमधल्या चेशरचा. बरीच वर्षं तो स्कॉटलंडमधल्या डनूनचा म्हणून सांगितला जायचा, पण नंतर कागदपत्रं शोधणाऱ्यांनी ते खोडून काढलं. उंची साडेसहा फुटांच्या जवळपास, वजन तीनशे पौंड, म्हणजे सव्वाशे किलोच्या वर. चार्ली पाच फूट चार-पाच इंच, अंगाने काडी. इंग्लंडात फ्रेड कार्नो म्हणून एक नाटकवाला होता, त्याच्या कंपनीत हाणामारीच्या मूक कॉमेडीची फार कडक तालीम असायची, चार्ली तिथलाच, लॉरेल-हार्डी जोडीतला स्टॅन लॉरेल तिथलाच, आणि हा एरिकही तिथलाच. १९१६ मध्ये तो न्यूयॉर्कला नाटकात काम करत होता तेव्हा चार्लीने आणि त्याच्या भावाने, सिडनीने, त्याला उचलला. चार्लीला त्या वर्षी म्युच्युअलने आठवड्याला दहा हजार डॉलर आणि वर दीड लाखांचा बोनस दिला होता, तेव्हा जगभर त्या आकड्याचीच चर्चा. स्वतःचा स्टुडिओ, स्वतःची मंडळी, हवा तेवढा वेळ. पुढे आत्मचरित्रात त्याने लिहिलंय की हा काळ बहुधा त्याच्या कामातला सगळ्यात सुखाचा होता. आणि ते दिसतं पडद्यावर, सगळे मजेत आहेत.

आता प्रिंटबद्दल, कारण पैसे त्याचेच आहेत. ह्या फिल्म्स आपण सगळ्यांनीच कुठे ना कुठे बघितल्यात, फुटपाथवरच्या व्हीसीडीवर, यूट्यूबवर, कुणाच्या तरी वाढदिवसाला लहान पोरांना गप्प बसवायला लावलेल्या. त्यातल्या कितीतरी कॉपी १९३२ च्या आवृत्तीवरून आलेल्या असतात, तेव्हा व्हॅन ब्युरेन नावाच्या कंपनीने हक्क विकत घेऊन त्यांना संगीत आणि धाडधूड आवाज जोडून परत रिलीज केलं होतं. त्यात वेग चुकलेला, माणसं मुंग्यांसारखी पळतात, चेहरे पांढरेफटक. कॉपीची कॉपी, तिची कॉपी. त्या कॉपीत एरिक म्हणजे नुसता एक काळा मोठा ठिपका, येतो, मार खातो, पडतो. इथे पॅरिसच्या लॉब्स्टर फिल्म्सने आणि इटलीतल्या बोलोन्याच्या लॅबने जगभरातून जुने तुकडे गोळा करून, फ्रेम फ्रेम जुळवून काम केलंय, आणि पहिल्यांदा त्या ठिपक्याला चेहरा मिळालाय. खोट्या भुवया कुठून चिकटवल्यात ते दिसतं. दाढीची कडा दिसते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्या राक्षसी मेकअपच्या आत जे डोळे आहेत ते दिसतात, आणि ते डोळे अजिबात दुष्ट नाहीत हो, चांगले गोल, जरा गोंधळलेले, लहान मुलासारखे. माझं सगळं म्हणणं इथून सुरू होतं.

'ईझी स्ट्रीट' घ्या, जानेवारी १९१७ ची. सगळ्यात प्रसिद्ध तीच. गरीब वस्ती, सगळ्या गल्लीवर एरिकची दहशत, पोलीस रोज फाटके कपडे घेऊन स्टेशनात परत येतात, आणि बेकार चार्ली नेमका पोलिसात भरती होऊन पहिल्याच दिवशी त्या गल्लीत जातो. रस्त्यावर दोघंच. एरिक नुसता त्याच्याभोवती फिरतो, वास घेतल्यासारखा. चार्ली मदत मागवायला पोलिसांच्या टेलिफोनपाशी सरकतो, एरिक बघतो, मग चार्ली फोन म्हणजे वाजवायचं काहीतरी असल्यासारखं दाखवतो, फुंकतो काय, कानाला लावतो काय, आणि एरिकला कुतूहल वाटतं! थांबा इथे. पॉज करा. बघा त्याचा चेहरा. तो खरंच वाकून बघतोय ह्यात काय आहे म्हणून. चार्ली संधी साधून दंडुका डोक्यात घालतो, एरिकवर शून्य परिणाम. परत घालतो. शून्य. दुखल्याचा अभिनय नाही, न दुखल्याचा पण अभिनय नाही, तो फक्त ढिम्म उभा आहे, जणू काही घडलंच नाही, उलट डोकं पुढे करतो. मग स्वतःची ताकद दाखवायला तो रस्त्यावरचा गॅसचा दिव्याचा खांब दोन्ही हातांनी धरून वाकवतो, आणि तो वाकलेला खांब खाली आला की चार्ली त्याच्या पाठीवर उडी मारून त्याचं डोकं दिव्याच्या काचेत कोंबतो आणि गॅस सोडतो. मग नाडी बघतो. डॉक्टरसारखी. आणि अजून एक डोस.

ह्या सीनमध्ये लोक चार्लीच्या नाडी बघण्यावर हसतात, बरोबरच आहे, पण ते हसू येतं कारण त्याच्या आधीचे दोन-तीन मिनिटं एरिकने आपल्याला खरोखर घाबरवलेलं असतं. तो व्हिलनगिरीची नक्कल करत नाही. डोळा मारून 'अहो मी पण गंमतच करतोय' असं एकदाही सांगत नाही. त्यामुळे त्याच्यासमोर उभा राहिलेला माणूस खरंच धोक्यात वाटतो. आणि शूटिंग पण काही सोपं नव्हतं, तो खांब एकदा खरंच चार्लीच्या नाकावर आदळला होता, जखम झाली, काम काही दिवस बंद ठेवावं लागलं. अशा वस्तूत डोकं घालून बेशुद्ध पडायचं, ते पण त्या वजनाच्या माणसाने, आणि पुढच्या टेकला परत उठायचं. पोलीस स्टेशनमध्ये शुद्धीवर येतो तो शॉट माझा आवडता, चारी बाजूंनी पोलीस दंडुके हाणतायत आणि हा उन्हात लोळत पडलेली म्हैस उठावी तसा सावकाश, वैताग न करता, उठून बसतो आणि हातातल्या बेड्या तोडतो.

तुम्हाला पटत नसेल की एवढं सगळं एरिकमुळे होतं, तर ह्याच संचात त्याचा पुरावा आहे, 'वन ए.एम.'. बारातली एकमेव फिल्म जिच्यात तो नाही. खरं तर कुणीच नाही, सुरुवातीला टॅक्सीवाला म्हणून आल्बर्ट ऑस्टिन ढिम्म चेहऱ्याने बसलेला दिसतो तेवढाच, बाकी सगळा वेळ चार्ली एकटा, दारू पिऊन घरी आलाय आणि जिना, गालिचा, भिंतीतला पलंग ह्यांच्याशी झुंजतोय. कसरत म्हणून अफाट आहे, मला मान्य, त्या पलंगाचा सीन तर परत परत बघावा असा. पण मध्येच लक्ष उडतं. कारण पलंगाला राग येत नाही ना! एरिकला येतो. चार्लीची लाथ ज्याला लागते त्याने हळूहळू मान वळवून बघायला पाहिजे, आणि त्या मान वळवण्याच्या वेळात आपण हसतो. तो वेळ एरिक कॅम्पबेलचा असतो.

बरं सगळ्या फिल्म्स सारख्या नाहीत, आणि मी सगळ्या सांगत बसणार नाही. 'द व्हॅगाबाँड' मध्ये तो जिप्सींचा म्होरक्या आहे, चाबूक घेऊन बिचाऱ्या एडना पर्व्हायन्सला, म्हणजे चार्लीच्या नेहमीच्या नायिकेला, मारतो, तिथे त्याला काही करायलाच नाही, नुसता वाईट. 'द पॉनशॉप' मध्ये हिरे बघायला आलेलं गिऱ्हाईक बनून आलेला चोर, शेवटच्या काही मिनिटांत येतो आणि ट्रंकेतून निघालेल्या चार्लीच्या हातचं लाटणं खाऊन आडवा होतो. ती फिल्म घड्याळाच्या सीनची आहे आणि तो सीन ऑस्टिनचा. 'द फायरमन' मध्ये फायर ब्रिगेडचा मुख्य, ढुंगणावर लाथा खायचं कंत्राट घेतल्यासारखा. ह्या तीन तुम्ही जेवताना लावल्या तरी चालतील.

'द फ्लोअरवॉकर' मात्र बसून बघा, त्याची पहिलीच. मोठ्या दुकानाचा मॅनेजर, तिजोरी साफ करून पळायच्या तयारीत. ही तीच ती सरकत्या जिन्याची फिल्म, जिन्यावर उलट्या दिशेने पळापळ, दोघं जीव तोडून धावतायत आणि जागच्या जागी. ह्यात गंमत अशी की पहिल्याच फिल्ममध्ये त्यांचं गणित बसलेलं आहे, एरिक चार्लीला मानेला धरून एका हाताने उचलतो आणि हलवतो, आणि चार्ली हवेत असताना सुद्धा घाबरलेला नाही तर अपमान झालेला आहे. आणि दुसरीकडे असं की इतका अजस्र माणूस त्या उलट्या जिन्यावर पळतो ते किती हलक्या पावलांनी! जाड माणूस म्हणून धापा टाकण्याचं, पोट हलवण्याचं सोपं हशा मिळवणारं काम त्याने फारसं केलंच नाही. कार्नोकडची तालीम.

हलक्या पावलांवरून 'द रिंक'. मिस्टर स्टाउट. आधी हॉटेलात जेवतो, चार्ली वेटर आहे आणि बिल कसं करतो तर एरिकच्या दाढीवर, टायवर, कोटावर काय काय सांडलंय ते वाचून, सूप, स्पगेटी, खरबूज, एकेक डाग बघत लिहीत जातो. आणि एरिक उभा राहून स्वतःची अशी तपासणी करू देतो! मोठ्या रुबाबात! हेच ते, त्याच्या जागी दुसरा कुणी असता तर आधीच भडकला असता, हातवारे केले असते, आणि विनोद तिथेच मेला असता. त्याची बायको म्हणून हेन्री बर्गमन, चार्लीच्या मंडळींतलाच एक नट, साडेतीन मणाची बाई होऊन आलाय, तो एक वेगळाच प्रकार. मग सगळे स्केटिंगला जातात आणि चाकांवर एरिक म्हणजे, जाऊ दे, बघाच.

'बिहाइंड द स्क्रीन' बद्दल एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर नंतर कुणी म्हणेल आधी सांगितलं नाही. फिल्म स्टुडिओतली गोष्ट, एरिकचं नाव गोलाएथ आणि चार्लीचं डेव्हिड (बायबलातला राक्षसाएवढा योद्धा आणि त्याला हरवणारा पोरगा), एरिकसाहेब झोपा काढतो आणि चार्ली सगळं सामान वाहतो, अकरा खुर्च्या एकदम अंगाला अडकवून साळिंदर होऊन चालतो. एडना मुलगा बनून नोकरीला लागलेली असते, चार्लीला खरं कळतं, तो तिचा मुका घेतो आणि ते एरिक बघतो, मग दोन पुरुषांचं काहीतरी चाललंय समजून लचकत मुरडत चिडवतो. १९१६ चा विनोद आहे, आज बघताना अवघडायला होतं. पण नट म्हणून बघितलं तर त्या चार सेकंदात कळतं की ह्या देहात किती नजाकत होती आणि ती कुणी वापरलीच नाही नंतर.

माझी सगळ्यात आवडती मात्र 'द क्युअर', आणि इथे माझं बाकीच्यांशी भांडण आहे, सगळे 'ईझी स्ट्रीट' किंवा 'द इमिग्रंट' म्हणतात. औषधी पाण्याच्या झऱ्यापाशी श्रीमंतांचं आरोग्यधाम आहे, तिथे चार्ली दारू सोडायला आलाय आणि सोबत ट्रंकभर बाटल्या घेऊन आलाय. एरिकला गाउट, म्हणजे पायाचे सांधे सुजून ठणकण्याचा आजार, झालेला, एक पाय बँडेज बांधून बांधून उशीएवढा झालेला. आता बघा काय केलंय, ज्या माणसाला दंडुक्यांनी काही होत नव्हतं त्याला एक दुखरी जागा दिली. बस. गोल फिरणाऱ्या दारात तो पाय अडकतो तेव्हा संपूर्ण थिएटर कळवळलं असणार आणि हसलं पण असणार. आणि त्यातच तो रोगट म्हातारबा एडनाकडे बघून लाडे लाडे खुणा करतो, मध्ये चार्ली येऊन बसतो, आणि चार्लीला वाटतं खुणा आपल्याला चालल्यात. लाजतो! एरिकच्या चेहऱ्यावर प्रेम, मग शंका, मग संताप, हे तीन टप्पे एका श्वासात येतात आणि तिन्ही स्वच्छ दिसतात. माझ्या आत्याने हा सीन बघून सांगितलं की हा मनुष्य डोळ्यांनी गातो. आत्या भजनी मंडळातली आहे, तिची कौतुकाची मोजमापं तीच.

'द इमिग्रंट' (जून १९१७) मधली एक गोष्ट ह्या संचात नाही पण माहीत असलेली बरी. ब्राउनलो आणि गिल ह्या जुन्या सिनेमाच्या दोन अभ्यासकांनी १९८३ मध्ये 'अननोन चॅप्लिन' नावाची टीव्ही मालिका केली, चार्लीच्या वाया गेलेल्या शॉट्सची रिळं वाचली होती त्यावरून. त्यात दिसतं की हॉटेलातला वेटर म्हणून आधी एरिक नव्हताच, हेन्री बर्गमन होता. बरेच टेक झाले. बर्गमन काही वाईट नट नाही, पण जमेना, कारण त्याची भीतीच वाटत नाही. मग चार्लीने त्याला काढून एरिकला वेटर केला आणि तिथे फिल्म सुटली. नटाची किंमत काय असते हे ह्याच्याहून सरळ कुठे कळणार? गोष्ट एवढीशीच आहे, खिशाला भोक, चार्लीचं नाणं पडलंय आणि त्याला माहीत नाही, जेवून झालंय. शेजारच्या टेबलावर एका गिऱ्हाइकाला दहा सेंट कमी पडले म्हणून सगळे वेटर मिळून तुडवतात. चार्ली एरिकला विचारतो काय झालं, कळतं दहा सेंट कमी. दहा सेंट! मग नाणं सापडतं, हातात येतं, एरिकला देतो, आणि एरिक ते दातात धरतो आणि ते वाकतं. खोटं. तो काही बोलत नाही, उभा राहतो, वाकडं नाणं समोर धरून. हे सगळं मी एवढं सांगितलं तरी तुमची मजा जाणार नाही, काळजी नको.

त्याच १९१७ साली इकडे फाळक्यांचा 'लंकादहन' लागला होता, अण्णा साळुंके राम पण तेच आणि सीता पण तेच. म्हणजे जगात दोन्हीकडे नटांकडून जे काय काय करून घेत होते ते बघून थक्क व्हायला होतं. साळुंक्यांचं त्यातलं काम आज बघायला मिळतं ते तुकड्यातुकड्यातून. म्हणून म्हटलं अशा संचांची किंमत कळायला पाहिजे.

शेवटची 'द ॲडव्हेंचरर'. चार्ली तुरुंगातून पळालेला कैदी, पाण्यात बुडणाऱ्यांना वाचवतो, त्यातला एक एरिक, एडनाच्या मागे लागलेला गर्भश्रीमंत उमेदवार, आणि त्याला पाण्यातून ओढून आणतो ते दाढीला धरून. नंतर बंगल्यावर पार्टी, एरिक पेपरमध्ये कैद्याचा फोटो बघतो, ओळखतो, आणि चार्ली काय करतो तर गुपचूप त्या फोटोला पेनाने दाढी काढतो, म्हणजे फोटो एरिकचाच दिसायला लागतो. एरिकच्या सगळ्या दाढ्यांचा सूड एका फटक्यात.

ही फिल्म बघताना माझं हसू मध्ये मध्ये अडतं कारण तेव्हा त्याचं काय चाललं होतं ते मी आधी वाचलं होतं. जुलै १९१७ मध्ये त्याची बायको अचानक गेली, हृदयविकाराने. त्याच दिवसांत मुलगी, उना, सोळा वर्षांची, गाडीच्या धडकेत जबर जखमी झाली. सप्टेंबरमध्ये त्याने पर्ल गिल्मन नावाच्या बाईशी लग्न केलं, ओळख होऊन आठवडा पण झाला नव्हता, आणि दोन महिन्यांत तिने घटस्फोटाचा दावा लावला. मग तो चार्ली राहायचा त्याच लॉस एंजेलिस ॲथलेटिक क्लबात राहायला आला. २० डिसेंबर १९१७ च्या पहाटे पार्टीहून परत येताना विल्शायर बुलेव्हार्डवर त्याची गाडी ठोकली आणि तो जागीच गेला. सदतीस वर्षांचा होता. चार्लीने तेव्हा फर्स्ट नॅशनल ह्या दुसऱ्या फिल्म कंपनीशी दहा लाख डॉलरचा करार केलेला, नवीन स्टुडिओ बांधून होत आलेला, एरिक तिथे असणार हे ठरलेलंच. मधल्या काळात त्याला मेरी पिकफर्डच्या फिल्मसाठी उसना दिला होता. अस्थी तर कुणी न्यायलाच आलं नाही, वर्षानुवर्षं तशाच पडून, १९५२ ला कुठे रोझडेल दफनभूमीत ठेवल्या गेल्या.

हे सगळं संचातल्या 'चॅप्लिन्स गोलाएथ' ह्या डॉक्युमेंटरीचा विषय आहे, १९९६ ची, केव्हिन मॅकडोनल्डने केलेली, तोच जो पुढे 'द लास्ट किंग ऑफ स्कॉटलंड' मुळे प्रसिद्ध झाला. जेमतेम तासाची आहे आणि मी माझा अर्धा मार्क इथे कापलाय. वाईट अजिबात नाही, प्रेमाने केलीय, शोध घेत घेत जाते. पण मला माणूस कसा मेला ह्याच्यापेक्षा तो काम कसं करायचा हे अजून हवं होतं. शॉट थांबवून, परत लावून, बघा आता मान किती वेळाने वळली, असं कुणीतरी दाखवायला हवं होतं. आणि डनूनचा धागा आता जुना झालाय हे बघताना लक्षात ठेवा.

त्याच्या नंतर चार्लीकडे तसा माणूस आला का? मला विचाराल तर नाही. मॅक स्वेन होता, 'द गोल्ड रश' (१९२५) मध्ये भुकेने वेडा होऊन चार्ली त्याला कोंबडी दिसायला लागतो तो, फार मोठा नट, पण मॅक स्वेनची दया येते, तो शेवटी मित्रच असतो. एरिक मित्र नसायचा. नंतरच्या फिल्म्समध्ये चार्लीचा शत्रू हळूहळू माणूस न राहता गरिबी, पोलीस, यंत्र असा पसरट होत गेला, आणि त्यामागे बाकी शंभर कारणं असतीलच, पण समोर उभं करायला तो एक देह उरला नव्हता हेही एक असावं असं मला उगाच वाटतं.

बाकी किरकोळ. संगीत चांगलंय, काही ठिकाणी ऑर्केस्ट्रा, काही ठिकाणी नुसता पियानो, मला पियानोच बरा वाटला, ऑर्केस्ट्रा कधी कधी विनोदाच्या आधीच हसतो. मधल्या पाट्या इंग्रजीत आहेत पण इतक्या थोड्या आणि सोप्या की शाळेतली मुलं वाचतात, न वाचणाऱ्यांचं काही अडत नाही. पुस्तिकेत प्रत्येक फिल्मवर टिपण आहे, वाचनीय. ब्लू-रे प्लेअर नसला तर डीव्हीडी आहेतच, पण फरक बराच पडतो, भुवयांची कडा डीव्हीडीवर पुसट होते.

स्वस्त नाही हे खरं. ज्यांना चार्ली फक्त पोरांना दाखवायचाय त्यांनी घेऊ नये, फुकटात मिळतो तेवढा पुरे. ज्यांना नाटकात-सिनेमात काम करायचंय, विशेषतः ज्यांना कायम दुसऱ्या रांगेतलीच कामं मिळतात, त्यांनी डोळे झाकून घ्यावा. बघायचा क्रम माझा विचाराल तर 'द क्युअर', मग 'ईझी स्ट्रीट', मग 'द इमिग्रंट', मग मुद्दाम 'वन ए.एम.', आणि मग पहिल्यापासून सगळ्या ओळीने. आणि ओळखीच्यांनी मागू नये, मी देत नाही, घरी येऊन बघा, चहा करीन.